बिनडोक राखणदार

खडकावरची कालवं अजून सभा भरवत असत, तेव्हाची गोष्ट. त्यांची राखण कुर्ली नावाची खेकडी करायची, पण तिचं डोकं फार चालतं म्हणून सगळ्यांना तिचीच धास्ती.

"आता डोकेवाला नकोच," म्हातारं कालव म्हणालं. "तो तारामासा बघा. बिचाऱ्याला डोकंच नाही. कारस्थान शिजायला जागाच नाही."

ओहोटीला तारामाशाची नेमणूक झाली. भरती चढताच त्याने पाची हातांनी म्हाताऱ्याला मिठी मारली. कालव गहिवरलं आणि त्याचे शिंपले किंचित उघडले. तेवढ्या फटीतून तारामाशाने आपलं पोट बाहेर काढून आत सारलं आणि म्हाताऱ्याला तिथेच पचवायला घेतलं.

"अरे, तुला डोकं नाही ना?" कालव कळवळलं.

"नाहीच आहे, आजोबा," तारामासा अदबीनं म्हणाला. "पण पोटाचं कुणी विचारलंच नाही."