उंदरूने चावलेली गाठ

माडाखाली एक वाडी. वाडीत एक मांडव. चार बांबू, चार दोऱ्या, वर माडाच्या पानांचा विणलेला झाप. बस, एवढंच.

वाडीत मांडव एकच. ज्याला लागेल त्याने न्यायचा. गाठी सोडायच्या. बांबू उचलायचे. दुसरीकडे पुन्हा बांधायचा. खिळा मारायचा नाही. दोरी तोडायची नाही. तोडली की संपली.

मांडव बांधायची उंदीरताई. सोडायचीही तीच. तिचा धाकटा भाऊ उंदरू. तो नुसता बांबू धरायचा. तोही नीट नाही.

एक दिवस ताई गेली. परत आली नाही. तिने बांधलेला मांडव तेवढा उभा होता.

मग बदकीणमावशी आली. फताक फताक, फताक फताक.

“उंदरू, आज माझी पिल्लं निघतील. तळ्याकाठी ऊन फार. मांडव देतोस?”

“देतो,” उंदरू म्हणाला.

त्याने एक गाठ सोडली. सर्र. दुसरी सोडली. सर्र. तिसरी सोडली. सर्र. चौथी सुटेना. उंदरूने ओढली. हलली नाही. पुन्हा ओढली. हलली नाही. उंदरूला आला राग. त्याने गाठ चावली. कुर्र कुर्र कट्.

दोरीचा भुसा झाला.

ताईने बांधलेली ती शेवटची गाठ होती.

उंदरू भुशाकडे बघत बसला. हळूच म्हणाला, “चावायला नको होती.”

“तीन दोऱ्यांवर मांडव राहत नाही रे,” मावशी म्हणाली. “एक दोरी आण. तोवर मी पंख धरते.”

बांबू आणि झाप मावशीने तळ्याकाठी ओढून नेले. मग पंख पसरून अंड्यांवर उभी राहिली. उन्हात.

उंदरू निघाला. तुरुतुरु, तुरुतुरु. गेला कोळीणकाकूकडे. काकू जाळ्यात बसली होती.

“कोळीणकाकू, कोळीणकाकू, दोरी द्या.
दोरी मिळाली की मी मांडव बांधेन.
मांडव झाला की मावशी सावलीत बसेल.”

“आणि आधीची दोरी?”

“चावली.”

“दात शिवशिवले होय?” काकू म्हणाली. “माझं सूत बारीक. मांडवाला नाही पुरायचं. आधी काथ्या आण, मग दोरी वळते.”

“चावायला नको होती,” उंदरू म्हणाला. आणि निघाला. तुरुतुरु, तुरुतुरु. गेला माडआजोबांकडे.

“माडआजोबा, माडआजोबा, काथ्या द्या.
काथ्या मिळाला की काकू दोरी वळेल.
दोरी मिळाली की मी मांडव बांधेन.
मांडव झाला की मावशी सावलीत बसेल.”

माडआजोबा सळसळले. सळसळ, सळसळ.

“मोठ्याने बोल. मी उंच आहे.”

उंदरूने सगळं पुन्हा सांगितलं. मोठ्याने.

“ऐकलं, ऐकलं. नारळ आहे. नारळावर काथ्या आहे. पण माझी मुळं बघ, तापलीत. आधी पाणी आण, मग काथ्या देतो.”

“चावायला नको होती,” उंदरू म्हणाला. आणि निघाला. तुरुतुरु, तुरुतुरु. गेला पाटमामांकडे. पाटमामा म्हणजे वाडीतला पाण्याचा पाट. एरवी झुळझुळ वाहायचा. आज गप्प पडला होता.

“पाटमामा, पाटमामा, पाणी द्या.
पाणी मिळालं की आजोबा काथ्या देतील.
काथ्या मिळाला की काकू दोरी वळेल.
दोरी मिळाली की मी मांडव बांधेन.
मांडव झाला की मावशी सावलीत बसेल.”

“कसं देऊ, भाच्या?” पाटमामा म्हणाले. “तोंडात माती बसली आहे. बोलतोय तेच खूप. आधी माती काढ, मग पाणी देतो.”

उंदरूने माती उकरली. दोन नखं माती निघाली. चार नखं आत पडली.

“हे खेकड्याचं काम,” पाटमामा म्हणाले.

“चावायला नको होती,” उंदरू म्हणाला. आणि निघाला. तुरुतुरु, तुरुतुरु. गेला खेकडेभाऊकडे. भाऊ बिळात होता. बाहेर दिसत होते फक्त दोन डोळे.

“खेकडेभाऊ, खेकडेभाऊ, माती काढ.
माती निघाली की मामा पाणी देतील.
पाणी मिळालं की आजोबा काथ्या देतील.
काथ्या मिळाला की काकू दोरी वळेल.
दोरी मिळाली की मी मांडव बांधेन.
मांडव झाला की मावशी सावलीत बसेल.”

“तुझी ताई कुठाय?” डोळे म्हणाले. “तिला पाठव. तिचं मी ऐकतो.”

“ताई नाही.”

“कुठे गेली?”

“नाहीच आता.”

डोळे आत गेले. थोड्या वेळाने पुन्हा बाहेर आले.

“मला कुणी सांगितलं नाही,” भाऊ म्हणाला. “मी आपला बिळात.” मग म्हणाला, “येतो मी. पण या उन्हात माझी पाठ भाजते. आधी सावली आण, मग माती काढतो.”

उंदरू मटकन खाली बसला.

सावलीला मांडव हवा. मांडवाला दोरी हवी. दोरीला काथ्या हवा. काथ्याला पाणी हवं. पाण्यासाठी माती निघायला हवी. आणि मातीसाठी? सावली.

आता कुणाकडे जायचं? कुणीच उरलं नव्हतं.

“चावायला नको होती,” उंदरू म्हणाला. फार हळू म्हणाला.

तळ्याकाठी मावशीचे पंख थरथरत होते.

उंदरू उठला. तुरुतुरु तळ्याकाठी गेला. एक बांबू ओढला. खर्र खर्र, खर्र खर्र. झाप ओढला. खस खस, खस खस. पाटाच्या तोंडाशी आणला. बांबू उभा केला. बांबूवर झाप ठेवला. आणि दोन्ही हातांनी बांबू धरला.

खाली एवढीशी सावली पडली. खेकड्याएवढी.

“हा कसला मांडव?” भाऊ म्हणाला.

“एका खांबाचा. लवकर ये.”

खेकडेभाऊ आला. तिरका तिरका, तिरका तिरका. सावलीत बसला. माती उकरायला लागला. खर खर, खर खर.

उंदरूचे हात दुखले. त्याने सोडलं नाही. पाय दुखले. त्याने सोडलं नाही. नाकावर माशी बसली. नाकावरून कानावर गेली. कानावरून पुन्हा नाकावर आली. उंदरूने सोडलं नाही.

ताई रोज म्हणायची, “अरे, जरा धर ना.” आणि उंदरू रोज सोडून पळायचा. आज पळाला नाही. पण आज ताई बघायला नव्हती.

सावली मिळाली, भाऊने माती काढली.
माती निघाली, मामांनी पाणी दिलं. झुळझुळ, झुळझुळ.
पाणी मिळालं, आजोबांनी नारळ टाकला. धप्प.

“काथ्या सुटा कर,” आजोबा वरून म्हणाले. “इथे चाव. इथे चालतं.”

उंदरूने चावून चावून काथ्या काढला. कुर्र कुर्र, कुर्र कुर्र.

काथ्या मिळाला, काकूने दोरी वळली. गरगर, गरगर.

“ही पण खाशील,” काकू म्हणाली.

“नाही खाणार.”

दोरी मिळाली. उंदरू बांबू आणि झाप घेऊन तळ्याकाठी आला. मांडव बांधायला लागला. पहिली गाठ बांधली, सुटली. पुन्हा बांधली, सुटली. उंदरू रडला. रडत रडत पुन्हा बांधली. राहिली. मग दुसरी बांधली. मग तिसरी. मग चौथी.

मांडव उभा राहिला. मावशीने पंख मिटले. फार दुखत होते. ती सावलीत बसली. अंडं वाजलं. टक्. दुसरं वाजलं. टक्. पिल्लं बाहेर आली. ओली ओली, पिवळी पिवळी.

मावशीने मान वर करून गाठीकडे बघितलं.

“वाकडी आहे रे.”

“हो. ताईची गोल असायची.”

“असायची,” मावशी म्हणाली.

पिल्लं चिवचिवत होती.

मग मावशी म्हणाली, “उद्या सरडेकाका मांडव मागतायत. गाठी कोण सोडेल?”

“मी.”

“आणि नाही सुटल्या तर?”

उंदरूने विचार केला.

“बसून राहीन,” तो म्हणाला. “सुटेपर्यंत.”

ऊन गेलं माडामागे, पिल्लं गेली आईमागे, आणि गोष्ट बसली मांडवात.