हैबती शिंप्याची पक्की वही

"मग सांगा की बाबा, चूक कुठं आहे यात?"

हैबती शिंप्यानं वही पुढं धरली. पिराच्या उरसात लिंबाखाली बसलेल्या नूरशा फकिरानं ती घेतली. उलटी धरली, मग सुलटी केली. वाचायला त्याला कुठं येत होतं?

"तूच सांग."

"सोपं आहे. जुगाराच्या चक्रीवर निम्मी घरं लाल, निम्मी हिरवी. मी लालवर एक रुपया लावतो, लाल आलं तर दुप्पट मिळतात. गेला, तर दोन. दोन गेले, तर चार. मग आठ. लाल कधी ना कधी येणारच की नाही? आलं की मागचं सगळं वसूल, वर एक रुपया नफा. मग पुन्हा एकापासून."

"एक घर पांढरं दिसलं मला."

"ते मालकाचं. तिथं चाक थांबलं की सगळ्यांचे पैसे त्याचे. पण ते कधीतरीच हो."

"मग, जिंकलास?"

"दोन दिवस जिंकतच होतो. काल..." हैबती घुटमळला. "काल लागोपाठ आठ वेळा लाल आलंच नाही. नवव्यांदा लावायला हातात काही उरलं नाही. तेवढे असते ना, बाबा, तर..."

फकिरानं मान वळवली.

झाडापलीकडं हातगाडी उभी होती. गाडीवर शिवणाचं मशीन, सुतळीनं आवळून बांधलेलं. त्याच मशीनवर घरातली चूल पेटायची. हैबतीनं ते विकायला काढलं होतं, गिऱ्हाईक दुपारी येणार होतं, फकिराचा आशीर्वाद तेवढा राहिला होता. आणि मशीनवर हात ठेवून, जणू लेकराला ताप आलाय अशी, त्याची बायको गुणाबाई उभी होती.

"विचारा की यांना," ती म्हणाली. "नवव्यांदाही लाल नाही आलं, तर दहाव्यांदा काय विकणार? मला?"

"तू गप. चक्रीवाला सदबा स्वतः म्हणतो, एवढी पक्की वही त्यानं जन्मात बघितली नाही. मला बसायला स्टूल देतो. चहा पाजतो. ही पेन्सिलसुद्धा त्यानंच दिली."

फकिरानं पेन्सिल घेतली. बोटांत फिरवली. 

"भला माणूस दिसतो," तो म्हणाला. "मग त्याचे उपकार फेड. ही वही त्याला देऊन टाक. फुकट. म्हणावं, आज तू लाव, चक्री मी फिरवतो."

"आणि मशीन?"

"त्यानं वही घेतली, तर खुशाल विक. आशीर्वाद माझा."

हैबतीला हसूच आलं. एवढंच ना! सोन्यासारखी वही फुकट मिळाल्यावर नको कोण म्हणेल? तो तरातरा निघाला.

सदबानं लांबूनच स्टूल पुढं सरकवलं. "या हैबतराव! चहा सांगू?"

"आज मी बसत नाही. आज तू बस. ही घे वही, सगळी तुझी. तू लाव, मी फिरवतो."

सदबा हसला. हैबती हसला नाही. मग सदबाचंही हसू हळूहळू विरलं.

"सकाळी सकाळी चेष्टा नको."

"चेष्टा कसली? पक्की आहे, तूच म्हणालास."

"आहे ना पक्की..."

"मग घे की."

सदबानं वहीला बोटसुद्धा लावलं नाही. मान खाली घालून हळूच म्हणाला, "मला बायकापोरं आहेत, हैबतराव."

हैबतीनं हातातल्या वहीकडं बघितलं.

गर्दीतला एक पैलवान खो खो हसायला लागला. हसता हसता त्यानं लालवर ठेवलेला आपला रुपया उचलला. त्याचं बघून शेजारच्या म्हातारीनं हिरव्यावरची पावली उचलली. मग इकडून एक हात आला, तिकडून चार आले. बघता बघता पैसे लावायचा पाट मोकळा. चाक गरगर फिरतंय आणि लावायला कुणी नाही.

हैबतीनं पेन्सिल स्टुलावर ठेवली. वही टराटरा फाडली. आणि छाती काढून असा माघारी आला, की लोकांनी बाजूला होऊन वाट दिली.

गुणाबाईनं त्याचं तोंड बघितलं. आणि ती सुतळी सोडायला लागली.

दुपारी गिऱ्हाईक आलं, तेव्हा लिंबाच्या सावलीत हैबतीच्या पायाखाली मशीन धडधडत होतं. पैलवानाचा उसवलेला सदरा मशीनवर होता, पैलवान उघडाच शेजारी बसला होता, आणि त्याच्यामागं आणखी पाचजण आपापलं फाटकं घेऊन.

"विकायचं नाही," गुणाबाईनं बटणं लावता लावता, मान वर न करताच सांगितलं.

काम उरकून हैबती फकिराच्या पायाशी बसला. 

"बाबा, अख्ख्या उरसादेखत हरवलं मी सदबाला. आणि लावलं किती? काहीच नाही."

फकिरानं डोळे मिटले...

"तेवढंच लावत जा."