लाडू की लढू?

सांगा पाहू, विश्वास कुणावर ठेवावा? ओरडून सांगतो त्याच्यावर, की बोट ठेवून दाखवतो त्याच्यावर?

थांबा. घाई नको. आधी राईचं ऐका.

राई म्हणजे एक मुंगी. घरी तिच्या भावाचं बारसं. गोड हवंच! राई साखरेचा दाणा घेऊन निघाली. तुरू तुरू, तुरू तुरू. वाटेत म्हैसमावशीचं दुकान. दुकानावर नवी कोरी पाटी:

या, लाडू!

बैलमामाला वाचता येईना. त्यानं कावळेकाकांना विचारलं. कावळेकाकांनाही येईना. पण तसं कबूल करतील ते कावळेकाका कसले! म्हणाले, "लिहिलंय, या, लढू!"

"असं?" बैलमामा म्हणाला. आला शिंगं रोखून. फूं! मावशीनंही शिंगं रोखली. फूं फूं! शिंगांत शिंगं अडकली. खाड खाड! मावशीचा पाय पडला, बद्द! नेमका दाण्यावर.

राई वाचली. दाणा अडकला.

"मावशी, मावशी, पाय उचल. दाणा काही मिळेना!"

"पाय उचलला की मी पडले. मी बोलावलं लाडवाला, हा आला लढायला! आधी बैलाला शिंगं काढू दे."

तुरू तुरू, तुरू तुरू. राई बैलाच्या कानाशी.

"मामा, मामा, शिंगं काढ. म्हैस पाय उचलेना, दाणा काही मिळेना! अरे, पाटीवर लाडू आहे, लाडू!"

"तू म्हणतेस लाडू. कावळा म्हणतो लढू. त्याचा आवाज मोठा. आधी कावळ्याला चूक मानू दे."

तुरू तुरू, तुरू तुरू. कावळेकाका पाटीखाली बसून मारामारी बघत होते.

"काका, काका, चूक माना. बैल शिंगं काढेना, म्हैस पाय उचलेना, दाणा काही मिळेना!"

"चूक? माझी? बोट ठेवून दाखव, मग मानीन."

राईला बोट नव्हतं. पाय होते. तुरू तुरू, तुरू तुरू. गेली बालवाडीत. तिथं भिंतीवर पालीबाई राहायच्या.

"बाई, बाई, पाटी वाचून दाखवा. कावळा चूक मानेना, बैल शिंगं काढेना, म्हैस पाय उचलेना, दाणा काही मिळेना!"

"चुक चुक चुक," पालीबाई म्हणाल्या. "मी वाचलं, तर तेही तोंडीच झालं. तू शीक. ही बघ अक्षरं. चाल त्यांच्यावरून."

राई चालली. ल वर गेली, ल वरून आली. काना आला. काना म्हणजे उभी काठी. सर्र वर, सर्र खाली. मग ढ आला. ढ च्या पोटात गोल गाठ. गरगर गरगर! मग ड आला. ड च्या पोटात गाठच नाही. खाली शेपटी लावली, की झाला डू.

"कळलं?"

"पायांना कळलं, बाई."

तुरू तुरू, तुरू तुरू. राई दुकानाच्या पाटीवर चढली.

"पाटी, पाटी, बोल ना! पाल वाचून दाखवेना, कावळा चूक मानेना, बैल शिंगं काढेना, म्हैस पाय उचलेना, दाणा काही मिळेना!"

पाटी गप्प. पाटी बोलत नसते. तिला वाचावं लागतं.

राई चालू लागली. ल आला. उभी काठी आली. सर्र वर, सर्र खाली. "ला!" पुढे वळण. गरगर झालं का? नाही झालं. "हा ढ नव्हे. हा ड!" खाली शेपटी. "डू! लाडू!"

मग राई म्हणाली, "काका, या वर. ठेवा चोच. शोधा गाठ."

काकांनी शोधली. इकडे शोधली, तिकडे शोधली. गाठ सापडेना.

"पाटीवर ढ नाही," काका म्हणाले.

"नाहीच," बैल म्हणाला. "ढ इतका वेळ पाटीखाली बसला होता."

झालं! कावळ्यानं चूक मानली. बैलानं शिंगं काढली, खट्! म्हशीनं पाय उचलला. दाणा मिळाला! थोडा चपटा झाला होता. पण गोड तो गोडच. राई निघाली बारशाला. तुरू तुरू, तुरू तुरू.

म्हैसमावशी म्हणाली, "ये रे आत. शिंगं सांभाळून. दार नवीन आहे."

बैलमामा आत गेला. त्यानं लाडू खाल्ले. किती, ते त्यानं मावशीला बरोबर सांगितलं.

आता तुमचं सांगा. डबा उघडा आहे, आणि गालाला बेसन लागलंय. खाल्ले किती? आईला हिशेब खरा द्या हं.