नगारा कुणी फाडला?

डोंगरमाथ्यावर पाठशाळा असायच्या आणि शिष्य घरदार सोडून तिथेच राहून शिकायचे, त्या काळातली ही गोष्ट. अशा एका पाठशाळेत थोरल्या शिष्यांचं एक मंडळ होतं. त्याचं नाव गरुड मंडळ. मंडळातले सगळे पिवळे फेटे बांधायचे, एकत्र जेवायचे, एकत्र हिंडायचे आणि रोज संध्याकाळी कड्यावर उभे राहून एकदम आरोळी ठोकायचे. ती आरोळी समोरच्या डोंगरावरच्या गुराख्यांनाही ऐकू जायची. तिचा उपयोग काय, असं कुणी कधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर त्यांना सांगताही आलं नसतं.

मंडळाचे नियम दोनच. सहलीला ज्या गावी जाऊ, तिथून काहीतरी निशाणी उचलून आणायची, हा पहिला. आणि उचलल्याबद्दल किंवा मोडल्याबद्दल कुणी जाब विचारला, की एकच उत्तर द्यायचं: "सगळ्यांनी." कुणा एकाचं नाव घ्यायचं नाही. पिवळा फेटा बांधताना तशी शपथच घ्यावी लागे.

हा दुसरा नियम भलताच कामाचा होता. एका सहलीत त्यांनी कुणाच्या तरी मळ्यातला नांगर विहिरीत ढकलला. गुरुजींनी विचारलं, "कुणी ढकलला?" उत्तर आलं, "सगळ्यांनी." पुढच्या सहलीत एका धर्मशाळेतली मडकी दगड मारून फोडली. "कुणी फोडली?" "सगळ्यांनी." आता इतक्या जणांना शिक्षा करायची तर अर्धी पाठशाळा रिकामी व्हायची. शिवाय मंडळाचा म्होरक्या उदयराज हा सरदाराचा मुलगा. गुरुजी कपाळाला हात लावायचे आणि "पुन्हा असं करू नका रे" म्हणून सोडून द्यायचे. पोरांना तेवढंच हवं असायचं.

एका वर्षी थंडीच्या तोंडावर मंडळाची सहल एका मोठ्या तळ्याकाठच्या गावी गेली. तळ्याच्या पलीकडे लहान लहान वस्त्या होत्या आणि तिथली माणसं होडीने या गावी बाजाराला येत. थंडीत सकाळी तळ्यावर असं धुकं धरायचं, की वल्हवणाऱ्याला स्वतःचं वल्हं दिसू नये. घाटाच्या डाव्या अंगाला पाण्यात काळे खडक होते. धुक्यात होडी त्यांच्यावर आदळली की संपलंच. म्हणून घाटावर एक भला मोठा नगारा ठेवलेला होता. धुकं असलं की गावातलं कुणीतरी येऊन तो बडवत बसे आणि होड्या त्या आवाजाच्या रोखाने घाटाला लागत.

गावाने पोरांसाठी घाटालगतची धर्मशाळा झाडून-सारवून ठेवली. पाटलीणबाईंनी स्वतः उभं राहून पिठलं-भाकरी वाढली. विद्या शिकणारी लेकरं म्हणून बायाबापड्यांनी दुधाच्या चरव्या आणून दिल्या. कशालाही कुलूप नव्हतं, कारण आजवर तशी गरज पडली नव्हती.

शेवटच्या संध्याकाळी सोबत आलेले म्हातारे शास्त्रीबुवा जेवून आडवे झाले आणि मंडळ घाटावर जमलं. उदयराज नगाऱ्यावर चढून नाचला. मग एकेक जण चढू लागला. मेघश्याम हा वैद्याचा मुलगा, एरवी समजूतदार, पण त्या दिवशी त्याच्याही अंगात आलं. त्याने उंच उडी घेतली, दोन्ही पायांनी नगाऱ्यावर आदळला आणि कातडं टर्रकन फाटलं. मेघश्याम कमरेपर्यंत आत गेला. पोरं पोट धरधरून हसली. मेघश्यामही हसला. त्र्यंबक नावाच्या शिष्याने नगारा वाजवायच्या टिपऱ्या कमरेला खोचल्या. निशाणी मिळाली होती. दुसऱ्या दिवशी गाव जागं व्हायच्या आत त्यांनी शास्त्रीबुवांना घाईघाईने उठवलं आणि सगळे वाटेला लागले.

थोड्याच दिवसांनी पाटलीणबाई डोंगर चढून पाठशाळेत आल्या. चढणीने दम लागला होता, तरी त्या बसल्या नाहीत.

"गुरुजी, तुमची पोरं आमच्या दारी आली," त्या म्हणाल्या. "आमी त्यांस्नी पोटच्या लेकरावानी वाढलं. जाताना आमचा नगारा फोडून गेली. आता धुक्याचं दिस लागल्यात. नवं कातडं चढवायचं तर कडक ऊन पायजे, ह्या थंडीत त्ये वाळत न्हाई. थाळ्या बडवून बघितल्या, त्यांचा आवाज लांबवर जात न्हाई. आमच्या माणसांनी आता कशाच्या रोखानं यायचं?"

गुरुजींनी मंडळाला बोलावलं. टिपऱ्या पोरांच्याच खोलीत भिंतीवर टांगलेल्या होत्या, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती.

"नगारा कुणी फाडला?"

"सगळ्यांनी," उदयराज म्हणाला. मागे पिवळे फेटे एकदम हलले.

गुरुजींनी या वेळी कपाळाला हात लावला नाही. पाटलीणबाई अजून उभ्याच होत्या, आणि त्यांच्याकडे बघून गुरुजींना आपल्याच पाठशाळेची लाज वाटली.

"बरं," ते म्हणाले. "सगळ्यांनी फाडला असेल तर सगळेच भरून द्या. थंडी सरेपर्यंत तुम्ही त्या गावी राहायचं. रोज पहाटे घाटावर उभं राहायचं आणि ती तुमची आरोळी ठोकायची. नगारा दुरुस्त होईतो गावाचा नगारा तुम्ही."

पोरांना आत गुदगुल्या झाल्या. अभ्यास नाही, पाठांतर नाही, नुसतं ओरडायचं. ही कसली शिक्षा?

पहिले काही दिवस खरोखर बहार आली. सगळे पहाटे घाटावर जायचे, छाती फुगवून आरोळी ठोकायचे आणि धुक्यातून होडी आली की एकमेकांच्या पाठीवर थापा मारायचे. मग थंडी वाढली. घोंगडी सोडवेना. एक दिवस बळवंत झोपून राहिला. सगळे आहेत की, एक मी नसलो तर काय बिघडतंय, असं त्याला वाटलं. आणि खरंच काही बिघडलं नाही. दुसऱ्या दिवशी हेच हरिहरला वाटलं. मग आणखी दोघांना. घाटावरची गर्दी विरळ होत चालली, आणि येणारा प्रत्येक जण उद्या आपली झोपायची पाळी म्हणून मनातल्या मनात ठरवू लागला.

अशात एका संध्याकाळी पाटलीणबाई धर्मशाळेत आल्या. आज त्यांचा चेहरा उजळला होता.

"उद्या माझी लेक येतीय पलीकडनं. पहिलटकरीण हाय. बाळंतपणाला माहेरी येतीय," त्या म्हणाल्या. "उद्याच्याला जरा खणखणीत आवाज काढा रं लेकरांनो."

"हो मावशी!" सगळे एका सुरात म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मेघश्यामला जाग आली. धर्मशाळेच्या खिडकीबाहेर नुसतं पांढरं होतं. आता बाकीचे उठतील, मग उठू, असा विचार करून त्याने घोंगडी डोक्यावर ओढली. कुणी उठलं नाही. थोड्या वेळाने घाटाकडून थाळीचा बारीक आवाज येऊ लागला. पाटलीणबाई आरोळीची वाट बघून बघून स्वतःच थाळी घेऊन आल्या होत्या. मग तळ्यावरून एक हाक आली.

"घाट कुठं हाय होऽऽ?"

मेघश्यामने कान दिला. धर्मशाळेत कुणाचं घोरणंही ऐकू येत नव्हतं. सगळे जागे होते आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या उठण्याची वाट बघत पडला होता. नगाराही सगळ्यांनीच फाडला म्हणाले होते, पण कातडं गेलं होतं त्याच्याच पायांखाली. पायांना ते अजून आठवत होतं.

तो धडपडत उठला आणि घाटावर धावला. पाटलीणबाई जिवाच्या आकांताने थाळी बडवत होत्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मेघश्यामने छाती फुटेस्तोवर आरोळी ठोकली, पण एकट्याचा आवाज धुक्यात विरून गेला. पुन्हा हाक आली, ती आता खडकांच्या बाजूने.

मेघश्याम तसाच मागे पळाला आणि धर्मशाळेच्या दारातून ओरडला, "सगळे उठा रे! होडी खडकांकडे चाललीय!"

घोंगड्या हलल्या. "उठतायत, उठतायत सगळे," आतून कुणीतरी पुटपुटलं. उठलं मात्र कुणीच नाही.

मेघश्यामला असा संताप आला, की त्याने सगळ्यात जवळची घोंगडी खसकन ओढली. "त्र्यंबक, तू ऊठ!" त्र्यंबक ताडकन उठून बसला. "हरिहर, तू ऊठ! बळवंत, ऊठ! उदयराज, तुला सांगतोय मी, ऊठ!"

आपलं नाव कानावर पडल्यावर कुणालाच पडून राहता आलं नाही. ज्याचं नाव घेतलं तो उठला, आणि धावता धावता त्याने शेजाऱ्याला नावाने हाक मारली. फेटे कुठे राहिले, वहाणा कुठे राहिल्या, कुणाला भान नव्हतं. घाटाच्या पायरीवर सगळे एका ओळीत उभे राहिले आणि त्यांनी आरोळी ठोकली. मग पुन्हा. आणि पुन्हा. घसा सोलून निघाला तरी कुणी थांबलं नाही.

धुक्यात आधी वल्ह्यांचा आवाज आला. मग खडकाला लाकूड घासल्याचा करकर आवाज झाला आणि पाटलीणबाईंच्या हातातली थाळी खाली पडली. आणि मग होडीचं नाक धुक्यातून बाहेर आलं. तिची एक बाजू खरवडून निघाली होती, पण ती तरंगत होती. लेक पोटावर हात धरून बसली होती, चेहरा पांढराफटक पडलेला. पाटलीणबाईंनी गुडघाभर पाण्यात जाऊन तिला मिठी मारली. दोघी हमसून हमसून रडल्या. पोरं खाली मान घालून उभी राहिली.

लेकीला पायरीवर बसवून पाटलीणबाई पोरांकडे वळल्या.

"आज कोण उठलं न्हाई?"

"सग..." उदयराजच्या तोंडून सवयीने निघालं, पण मेघश्याम मध्येच पुढे झाला.

"मावशी, बाकीच्यांचं मी सांगत नाही. मी जागा होतो आणि उठलो नाही. तुमचा नगाराही माझ्याच पायांखाली फाटला. माझं नाव मेघश्याम."

"मेघश्याम!" उदयराज दबक्या आवाजात म्हणाला. "शपथ मोडलीस!"

"मोडली. फेटा आत पडलाय, हवा तर ठेवून घे."

मग त्र्यंबक म्हणाला, "टिपऱ्या मी उचलल्या होत्या मावशी. मी त्र्यंबक." बळवंत म्हणाला, "उठायचा कंटाळा पहिल्यांदा मी केला. मी बळवंत." एकेक जण पुढे येऊन आपापलं सांगू लागला. कुणी दुसऱ्याचं नाव घेतलं नाही, त्याची गरजच पडली नाही. सगळ्यांत शेवटी उदयराज उरला. पायरीवर बसलेल्या लेकीच्या अंगाला अजून कापरं भरलेलं होतं. तिच्याकडे बघून तो पुढे झाला.

"नगाऱ्यावर पहिला मी चढलो," तो म्हणाला. "बाकीचे माझं बघून चढले. मी उदयराज."

त्या दिवशी पहिल्यांदाच त्याचा आवाज एकट्याचा ऐकू आला.

पाटलीणबाई काही विरघळून गेल्या नाहीत. "होडी आली म्हणून नगारा मढला असं हुत न्हाई," त्या म्हणाल्या. "थंडी सरंपातूर हितंच ऱ्हायचं. आता जा, चुलीवर पाणी तापत ठेवा. लेक गारठलीय माझी."

त्यानंतर कुणाला उठवावं लागलं नाही. आदल्या संध्याकाळीच दुसऱ्या दिवशी बाकीच्यांना कोण जागं करणार, त्याचं नाव मोठ्याने सांगितलं जाई, आणि तो माणूस कोंबड्याच्या आधी उठे. धुकं दाट असो की विरळ, एकही पहाट आरोळीवाचून गेली नाही.

पुढे ऊन तापलं. मेघश्यामने गावातल्या जाणत्यांच्या हाताखाली बसून कातडं भिजवलं, ताणलं, वाळवलं. त्याच्या बोटांची सालं निघाली. उदयराजने, सरदाराच्या मुलाने, नगाऱ्याच्या भांड्याला राख लावून ते घासलं. त्र्यंबकने पाठशाळेतून टिपऱ्या परत आणल्या आणि पाटलीणबाईंच्या हातात दिल्या. त्यांनी पहिला ठोका दिला, तेव्हा ओसरीवर झोळीत निजलेलं लेकीचं बाळ दचकून रडायला लागलं, आणि अख्खं गाव हसलं.

निघताना उदयराजने चाचरत विचारलं, "मावशी, पुढच्या वर्षी आम्ही आलो तर चालेल का?"

पाटलीणबाईंनी जरा विचार केला. "या," त्या म्हणाल्या. "पर येशीवर उभं ऱ्हाऊन आदी कोण कोण आलंय ते सांगायचं. नुसती टोळी मला घरात नगं."

पुढच्या वर्षी मंडळ खरंच आलं. पाटलीणबाई नातवाला कडेवर घेऊन वेशीवर उभ्या होत्या. पिवळ्या फेट्यांची रांग त्यांच्यापुढे थांबली. सगळ्यांत पुढे उदयराज होता.

"मी उदयराज," तो म्हणाला आणि वाकून त्याने नमस्कार केला. त्याच्यामागे एकेक जण पुढे होऊन आपलं नाव सांगत गेला. शेवटचं नाव सांगून झालं, तेव्हा पाटलीणबाई बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, "चला, भाकरी निवाया लागल्यात."

या गोष्टीचं तात्पर्य सांगायचं तर इतकंच: जी चूक सगळ्यांची म्हणून सांगितली जाते, ती कुणाचीच राहत नाही आणि म्हणून कधी सुधारतही नाही. घोळक्यातून एक पाऊल पुढे येऊन "हे मी केलं" म्हणणाऱ्यापासूनच तिची भरपाई सुरू होते.