चार बोटं माती

फार जुनी गोष्ट आहे. खालच्या काळ्या रानातला चारा संपला, तेव्हा ढवळी नावाची मेंढी आपल्या कोकराला घेऊन चुनखडीच्या माळावर चढली. तिथे सगळीकडे पांढरी खडी होती आणि मधूनमधून गवताचे ठोंब. ढवळीने एका ठोंबाला तोंड लावलं.

"बाई, शेंडे खुशाल खा, पण बुंधा राहू दे," गवत म्हणालं. "माझ्याखाली चार बोटं माती, मग नुसती खडी. इथे पाणी ठरत नाही. एकदा उपटलं की मी पुन्हा फुटायचं नाही."

"माझं दूध आटलंय," ढवळी म्हणाली. "पिल्लू आजचा दिवस काढेल का, तेही ठाऊक नाही."

ढवळीने ठोंब मुळासकट उपटला. दोन-चार दिवसांत तिने माळ साफ केला. कोकरू वाचलं.

पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा वर आली. गवताची काडी दिसेना. तिने दगडांना विचारलं.

"माती उघडी पडली, ती पावसात वाहून गेली," दगड म्हणाले. "आम्ही जड, म्हणून राहिलो."

तिच्यामागून आलेलं या सालचं कोकरू खडी हुंगत राहिलं. ढवळीला त्याच्याकडे बघवेना.