समुद्रघोड्याचे हिरवे छत

एका खाडीच्या उथळ तळाशी गवताचे कुरण होते आणि त्या कुरणात एक समुद्रघोडा राहत असे. मुलांनो, समुद्रघोड्यांमध्ये पिल्ले बापाच्या पोटावरच्या पिशवीत वाढतात. हसू नका, त्याला त्याचा फार अभिमान होता. पोहणे मात्र त्याचे बेताचेच. म्हणून तो गवताच्या पात्याला शेपटीचा वेढा घालून दिवसभर उभा राही. गवताची मुळे चिखलात घट्ट होती, त्यामुळे ओहोटीची त्याला भीती नसे. काळजी एकच होती. वरून बगळा चोच मारी, आणि पिल्ले तर आता जन्माला यायची होती.

त्या वर्षी नदीने शेतांतले खत आणि गावाचे सांडपाणी खाडीत आणून ओतले. उन्हाने पाणीही कोमट झाले. त्या खतावर पाहता पाहता शेवाळाचे धागे पात्यांवर चढले, वर एकमेकांत गुंतले आणि कुरणावर हिरवे छत तयार झाले. बगळा दिसेनासा झाला. समुद्रघोडा हरखून गेला. पण पात्यांवरच्या गोगलगायी नेहमीप्रमाणे ते शेवाळ खरवडून खात होत्या. ते पाहून त्याचे डोके फिरले आणि तो शेपटीने एकेकीला खाली पाडू लागला.

"माझ्या पिल्लांचं छप्पर खाता? चालत्या व्हा इथून," तो म्हणाला.

चिखलात पडलेली एक म्हातारी गोगलगाय म्हणाली, "बाबा रे, आम्ही खातो म्हणून तुझ्या गवताला ऊन मिळतं. शेवाळाला मूळ नसतं. ते वाऱ्यापाण्याबरोबर कुठंही जाईल."

"गवत काल होतं, उद्याही असेल. तुम्ही निघा," समुद्रघोडा म्हणाला. गोगलगायी निघून गेल्या.

मग एक सकाळ उजाडलीच नाही. वर ऊन असावे, पण तळाशी काळोख होता. कोळंब्यांच्या नांग्यांची रोजची टकटक ऐकू येत नव्हती. पाणी जड झाले होते, श्वास पुरत नव्हता. जवळच एक चिंबोरी बसलेली दिसली, तेव्हा त्याला जरा धीर आला.

"ताई, सगळे गेले कुठं?" त्याने विचारले.

चिंबोरी बोलली नाही. पाणी हलले तशी तिची नांगी हलली, तेवढेच. समुद्रघोड्याने घाईने एका पात्याला वेढा घातला. पाते अलगद मुळासकट वर आले. मुळे काळी पडली होती आणि त्यांना कुजका वास येत होता. त्याने दुसरे धरले, तिसरे धरले. सगळे कुरण असेच नुसते उभे होते.

नेमक्या त्याच वेळी ओहोटी लागली आणि त्याची पिशवी उघडली. समुद्रघोड्याचे पिल्लू जन्मल्याबरोबर शेपटीने काहीतरी धरू पाहते. त्या शे-दीडशे पिल्लांनी गवत धरले, ते निसटले. मग त्यांनी बापाची शेपटी धरली, एकमेकांच्या शेपट्या धरल्या. बापाने वरचे शेवाळ धरले. शेवाळ कोणालाच सोडून गेले नाही. ते सगळ्यांना घेऊन शांतपणे खाडीच्या मुखाकडे निघाले, आणि पुढे होता उघडा समुद्र, जिथे धरायला काहीच नसते.

तात्पर्य : आडोसा मिळाला म्हणून भुलू नये. ज्याच्या आधाराने आपण उभे आहोत, त्याचे ऊन तो आडोसाच तर अडवत नाही ना, हे आधी पाहावे.