पोपटाचे नऊ पाळणे

एका गावात पाळणे करणारी एक सुतारीण होती. नवरा गेल्यावर तिने त्याचा रंधा आणि पटाशी हातात घेतली, तेव्हा लोकांनी नाकं मुरडली. पुढे त्याच लोकांची नातवंडं तिच्या पाळण्यांत निजली. तिच्या पाळण्याला खिळा नसे, सगळे सांधे लाकडी खुंट्यांनी बसवलेले. उशाच्या फळीवर ती मोर कोरायची. मोर दिसला की आया पुढचं काही विचारत नसत.

त्या गावात एक पद्धत होती. पाळणा विकत घेतला जाई एका घरी, पण राही कुठल्याच घरी नाही. एकीचं बाळ रांगायला लागलं किंवा बाळंतीण सासरी परतली की पाळणा दुसरीकडे जाई, तिथून तिसरीच्या माहेरी. मागून आणलेला पाळणा बाळाला लाभतो, असं म्हणायचे.

एका वर्षी गावात लग्नं फार झाली. लग्नसराई झाली की वर्षाच्या आत पाळण्यांची सराई येते, हे काही कुणी सांगायला नको. माघात सुतारणीच्या दारात रांग लागली. वाळलेलं लाकूड फळ्यांपुरतं पुरलं, खुंट्यांना उरलं नाही. तिने नुकत्याच तोडलेल्या बाभळीच्या खुंट्या केल्या. ओलं लाकूड वाळलं की आकसतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण कामाने थकलेलं माणूस स्वतःला जे सांगतं तेच तिने सांगितलं, की एवढ्याने काही होत नाही. त्या खेपेला तिने मोराऐवजी हौसेने पोपट कोरले. असे नऊ पाळणे झाले.

चैत्र तापला आणि एका घरी पोपटाच्या पाळण्याची बाजू निखळली. बाळ खालच्या गोधडीवर पडलं. कपाळाला टेंगूळ आलं, ते रडलं, मग दूध प्यायलं आणि झोपलं. पण गावात बोभाटा झाला. घरच्या सासूने तिथल्या तिथे निकाल दिला की हल्लीच्या मुलींना पाळण्याचा दोरसुद्धा बांधता येत नाही, लक्ष कुठे असतं कोण जाणे. बाळाची आई आपण गाठ कशी मारली होती ते पुन्हा पुन्हा आठवत बसली. आपलंच चुकलं असं वाटायला आईला फारसा पुरावा लागत नाही.

सुतारीण धावत तिथे गेली. तिने निखळलेल्या बाजूची खुंटी चिमटीत धरली, तर ती अलगद बाहेर आली. कुणाचं लक्ष नव्हतं. खुंटी कनवटीला लावून ती घरी परतली.

तिचे सासरे अंगणात बसले होते. हे काम तिला त्यांनीच शिकवलेलं. खुंटी पाहिली आणि त्यांना सगळं कळलं. ते म्हणाले की आपण होऊन तोंड उघडू नकोस. दोष दोरावर गेलाच आहे, तर जाऊ दे. वीस वर्षांचं नाव एका खुंटीपायी मातीत घालू नकोस. उरलेले आठ पाळणे गुपचूप नीट करून ये.

"कुठे जाऊन करू, मामंजी? ते आज कुणाच्या घरी टांगलेत, मला तरी कुठे माहीत आहे?"

"मग देवावर सोड."

"खुंट्या मी ठोकल्यात, देवाने नाही. आणि त्या पोरीची गाठ मी बघून आलेय. माझ्या खुंटीपेक्षा घट्ट होती."

ती तडक दवंडीवाल्याकडे गेली. दवंडी कुणाविरुद्ध द्यायची, असं त्याने विचारलं. माझ्याविरुद्ध, असं तिने सांगितलं. एवढ्या वर्षांत असं गिऱ्हाईक त्याला भेटलं नव्हतं. तो भला माणूस होता. म्हणाला, आधी तुझी कीर्ती सांगतो, मग नवऱ्यामागे कसे कष्ट काढलेस ते, आणि शेवटी हळूच खुंटीचं.

"नको. तू कीर्ती सांगेपर्यंत एखादं पोर पडेल. पहिलं वाक्य एवढंच म्हण, की पोपटाच्या पाळण्यातून बाळ आत्ता उचला. दुसरं, की खुंट्या ओल्या लाकडाच्या आहेत, चूक सुतारणीची आहे, दोर बांधणारीची नाही. तिसरं, की पाळणा माझ्या दारात आणा, मी नीट करून देईन."

डफ वाजला. दुपारपर्यंत सात पाळणे दारात आले, त्यांतल्या तीन पाळण्यांच्या खुंट्या हाताने हलत होत्या. आठवा नदीपलीकडच्या वाडीतून आला. एका आईने तो डोक्यावरून आणला होता. तिने तो खाली टेकवला आणि एक खुंटी आपोआप गळून पडली.

पण गाव म्हणजे गाव. चूक कबूल केलेलं माणूस हाती लागलं की त्याच्या माथी आणखी चार चुका मारायचा मोह कुणाला आवरतो? दुसऱ्या दिवशी पाटलांनी तिला चावडीवर बोलावलं आणि सांगितलं की तू स्वतःच कबूल केलंयस, तेव्हा आता तुझे सगळेच पाळणे चुलीत घालू, मोराचेसुद्धा.

सुतारणीने मान खाली घातली नाही.

"नवांचं चुकलंय, पाटील. ते काल सांगितलं, उद्या विचाराल तरी सांगेन. पण दहाव्याचं माझ्या पदरात टाकू नका. मोराचं काय चुकलं ते दाखवा."

मग तिनेच अकरा वर्षं गावभर फिरलेला मोराचा एक पाळणा मागवला, चावडीच्या तुळईला टांगला, पदर खोचला आणि आत चढून बसली. एवढी थोराड बाई, गुडघे हनुवटीला लागलेले. लोक हसले. पाटील म्हणाले, बाईला लाज नाही.

"लाज काल वापरून झाली," ती म्हणाली. "आता कुणीतरी झोका द्या."

कुणी पुढे होईना. मग टेंगूळ आलेल्या बाळाची आई गर्दीतून निघाली. सासूने तिचा पदर ओढला, तो तिने सोडवून घेतला आणि पाळण्याला असा झोका दिला की सुतारणीचे पाय भिंतीला लागले. पाळणा कुरकुरला, पण एक खुंटी हलली नाही.

म्हणून सगळं लगेच गोड झालं असं नाही. काही घरांनी शहरातून लोखंडी पाळणे आणले, आणि तिच्या दारातली रांग त्या वर्षी लागलीच नाही. तिने कुणाला बोल लावला नाही, आणि कुणापुढे हातही जोडले नाहीत. लाकूड आणून सावलीत रचून ठेवलं.

पुढच्या माघात पाटलीणबाई आल्या. नातवाचं बारसं आठवड्यावर आलेलं. लोखंडी पाळण्यात बाळ गारठून रडतं म्हणाल्या, मोराचाच हवा, आणि बारशाच्या आत हवा.

"लाकूड वाळायला अजून तीन महिने लागतील," सुतारीण म्हणाली.

"मग तोवर बाळ काय झोळीत निजवू?"

"निजवा. झोळी मऊ असते."

पाटलीणबाई फणकारत गेल्या. पाटलांच्या नातवाचं बारसं झोळीत झालं आणि गाव त्यावर पुष्कळ बोललं. तीन महिन्यांनी गडी पाठवायचा सोडून पाटील स्वतः पाळणा न्यायला आले.

तात्पर्य: चूक झाली तर आधी बाळ उचलायला सांगावं, नाव मागाहून सांभाळावं. आपली चूक भर चावडीत आपली म्हणावी, आणि जी आपली नाही ती खुद्द पाटलांनी दिली तरी घेऊ नये.